तब्येत झाली आणि नंबर गेले

आमच्या कोल्हापुरात माणूस जाड झाला की लोक त्याचं तोंडभरून कौतुक करतात. "तब्येत झाली की!" म्हणतात. तब्येत म्हणजे आरोग्य आणि तब्येत म्हणजे अंगावरचं मांस, दोन्हीला इथं एकच शब्द. त्या एका शब्दानं माझं दीड वर्ष खाल्लं. माझं तोंड भाकरीसारखं गोल झालं होतं, येणारा-जाणारा शाबासकी देत होता, आणि आत माझं डोकं एकेक करून सगळं टाकून देत होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी बरी आहे, तोंडही पूर्वीसारखं लांबट आहे. हे लिहायला बसले ते दोन माणसांसाठी. एक, जिचं अंग भरतंय, पण जिला उकिडवं बसलं की उठता येत नाही आणि कालची गोष्ट आज आठवत नाही अशी बाई. दुसरी, जिच्या पोराला येत असून ऐनवेळी काहीच आठवत नाही अशी आई. त्यातली पहिली मी होते. दुसरीही मीच होते.

तोंडपाठ

साठीच्या दशकात मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. आमचा बोर्ड तेव्हा हातानं चालायचा. गिऱ्हाइकानं फोन उचलला की बोर्डावर दिवा लागायचा. आम्ही "नंबर प्लीज" म्हणायचं, त्यानं हव्या त्या माणसाचा नंबर सांगायचा, आणि आम्ही दोरीचं टोक त्या नंबरच्या भोकात खोचायचं. नियम असा होता. पण कोल्हापूरचं गिऱ्हाईक नंबर सांगेल तर शपथ!

"नंबर प्लीज."

"ताई, आमच्या मेव्हण्याला द्या की."

"नंबर सांगा."

"आता मेव्हण्याला कुणी नंबरानं हाक मारतंय व्हय? त्ये गुळाच्या अडतीवालं. सकाळीच न्हाय का दिलतासा?"

आणि मी देत असे. कुणाचा मेव्हणा कोण, कुणाची अडत कुठली, रात्रीच्या खेळाला कुठल्या थिएटरचा मॅनेजर फोन उचलतो, सगळं मला पाठ होतं. माझ्या शेजारी बसणारी सुलभा म्हणायची, "तुझ्या डोक्यात दुसरा बोर्ड बसवलाय गं कुणीतरी." मला त्याचा गर्व होता. मी मॅट्रिकला कशीबशी पास झालेली बाई, दिसायला बेताची, स्वयंपाकात तर त्याहून बेताची. पण बोर्डावर माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

मान भरली

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, तरुणपणी तालमीत मेहनत केलेले. कुस्ती सोडून जमाना लोटला तरी माणसाकडं बघायची नजर तीच, आधी मान बघायची मग दंड. मी लग्न होऊन आले ती काटकुळी. याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. सासूबाई नव्हत्या, त्यामुळे सुनेला खाऊपिऊ घालायची जबाबदारी त्यांनी स्वतःकडं घेतलेली.

त्यामुळे माझे गाल वर आले आणि मानेखाली पाठीवर मांसाचा उंचवटा धरला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मामांना झाला.

"मान बघा, मान! आता कुठं माझी सून माणसात आली," ते गल्लीत सांगत सुटले.

दंड मात्र वाळत चालले होते. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. त्यावर मामांनी आपला निष्कर्ष काढला की दूध मानेपर्यंत पोचतंय, दंडापर्यंत पोचत नाहीये. मग रोज सकाळी ते दुधाच्या कट्ट्यावर जाऊन म्हशीच्या कासेखाली तांब्या धरून धारोष्ण दूध आणू लागले आणि फेस मोडायच्या आत मला पाजू लागले. नको म्हणायची सोय नव्हती.

माझ्या पोटावर जांभळट वळ उठले, जरा कुठं लागलं की काळंनिळं व्हायचं. झोप उडाली. राग तर असा यायचा की माझा मलाच ओळखू येईना. शेजारणी हसून विचारायच्या, "काय हो वहिनी, दिवस गेलेत का?" आमचे हे, म्हणजे नंदूचे बाबा, उद्यमनगरात लेथवर कामाला, बोलणं मोजकं. त्यांनी एकदाच विचारलं, "तुला बरं वाटत नाही का?" मी त्यांच्या अंगावर इतकी ओरडले की त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आणि मग नंबर जायला लागले.

आधी थोडे गेले. एका अडतवाल्याला मी बाळंतिणीच्या दवाखान्यात जोडून दिलं. तो गुळाचा भाव विचारतोय आणि पलीकडून नर्स सांगतेय, "मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत." त्या दिवशी आम्ही पोट धरधरून हसलो. पुढच्या महिन्यात कुणी हसेनासं झालं. सुलभा माझे दिवे स्वतः घ्यायला लागली. घरात भाजीत मीठ दोनदा, किंवा नाहीच. पिशवी घेऊन मंडईत जायचं आणि तिथं उभं राहून, आपण का आलो, म्हणून विचार करायचा.

घरात आणखी एक जण विसरत होतं. आमची नंदू, वय आठ, तिसरीत. पहिल्या दोन वर्षांत हुशार म्हणून नाव होतं तिचं. आता तेराचा पाढा म्हणताना ती "तेरा सक अठ्ठ्याहत्तर" पर्यंत यायची आणि "तेरा साते" ला खिळून उभी राहायची. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मामा त्यांच्या आखाड्याच्या आवाजात गर्जायचे, "म्हण की! तेरा साते? काल आलतं न्हवं?" मी स्वयंपाकघरातून ओरडायची. शाळेत गुरुजी कान धरायचे. पोरगी ढ झाली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

तो फोन

एका दुपारी दिवा लागला. मी "नंबर प्लीज" म्हणाले. पलीकडं एक माणूस रडकुंडीला आला होता.

"ताई, डॉक्टरास्नी द्या, बिगीनं. आईच्या छातीत कळ आलीया."

कुठले डॉक्टर ते मला माहीत होतं. त्यांच्या दवाखान्याचा फोन गावातल्या अगदी जुन्या फोनांपैकी, दोन आकडी नंबर. दिवसातून कितीदा तरी मी तो जोडत असे. माझ्या हातात दोरी होती, समोर भोकांच्या रांगा होत्या आणि डोक्यात काहीही नव्हतं. मी त्या रांगांकडं बघत राहिले. कानात तो माणूस, "ताई, ताई" करत होता. शेवटी सुलभानं वाकून माझ्या हातातली दोरी ओढली आणि खोचली.

त्याची आई वाचली. ती वाचली नसती तर मी हे लिहायला धजले नसते.

सुपरवायझरबाई कडक, पण वाईट नव्हत्या. त्यांनी मला बोर्डावरून उठवलं आणि आतल्या खोलीत बिलांच्या टेबलावर बसवलं. "ठीक होऊन ये. मग मी स्वतः शेजारी बसून परीक्षा घेईन. जमलं तर बोर्ड तुझा, नाही जमलं तर इथंच." मी बिलांचा गठ्ठा पुढं ओढला. पण घरी येताना मनाशी पक्कं केलं, बोर्डावर परत बसायचं. कसं, ते माहीत नव्हतं.

जुना फोटो

दवाखान्यात मी गेले ती नंदूला घेऊन. स्वतःसाठी जायचं मला सुचलंच नाही. सगळं गाव तब्येत झाली म्हणत असताना दवाखान्यात कशाला जायचं? पोरीला स्मरणशक्तीचं टॉनिक मिळतं का बघावं, एवढाच विचार. आमच्या पेठेत एक डॉक्टरीणबाई नव्यानं आल्या होत्या, मुंबईला शिकलेल्या.

त्यांनी नंदूला तपासलं, जीभ बघितली, दोन गोष्टी विचारल्या. पण त्यांची नजर सारखी माझ्याकडं येत होती.

"तुम्ही जरा खाली बसता का?" त्या मला म्हणाल्या. "आता उठा."

टेबलाचा पाय धरल्याशिवाय मला उठता आलं नाही.

"तुमचा एखादा जुना फोटो आहे?"

पर्समध्ये एक्सचेंजचं ओळखपत्र होतं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"ही तुमची धाकटी बहीण का?"

"मीच आहे की! मधे जरा तब्येत झालीय."

"असं कोण म्हणतं?"

"सगळं गाव म्हणतं."

"गाव चुकलंय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दाराला कडी घातली.

त्यांनी मला कसं समजावलं ते मला अजून आठवतं. त्या काळातलं फार थोडं आठवतं, पण हे आठवतं. त्या म्हणाल्या, "अंगावर कुत्रं धावून आलं की काय होतं? छाती धडधडते, पळायला बळ येतं. ते बळ देणारा एक रस शरीरात असतो. प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते, ती तो सोडते. कुत्रं निघून गेलं की रस ओसरतो, माणूस शांत होतो. तुमच्या बाबतीत मला वाटतं ग्रंथीत बिघाड झालाय. कुत्रं नाहीच, पण रस दिवसरात्र चालूच आहे. त्यानं तोंड सुजतं, दंड वाळतात, झोप जाते."

"आणि डोकं?"

"तेही. तो रस थोडा वेळ आला तर माणूस उलट तरतरीत होतो. पण तो हटेचना झाला की आठवण ठेवायचं काम बिघडतं. नेमकं कसं, ते अजून पुरतं कळलेलं नाही. पण अशा रोग्यांत ते दिसतं."

मला रडू फुटलं. भीतीनं नव्हे, सुटकेनं. मी वेडी होत नव्हते. मी आळशी, चिडकी, बेफिकीर झाले नव्हते. मला एक आजार झाला होता, त्याला नाव होतं.

"आणि हिला?" मी नंदूकडं बघून विचारलं.

"हिच्या ग्रंथी ठणठणीत आहेत. हिला टॉनिक नको. आधी तुम्हाला बरं करू."

कुस्तीचा आजार

घरी मामा दारातच बसले होते.

"काय म्हनली डॉक्टरीण?"

"मुंबईला जायला सांगितलंय. कुशिंग म्हणून आजार आहे म्हणे."

"कुस्तीन?"

"कुशिंग, मामा."

"त्येच त्ये. कुस्तीच हाय न्हवं? मग भ्यायाचं कशाला? पाडायची!"

दुसऱ्या दिवशी तालमीत, कट्ट्यावर, सगळीकडं बातमी गेली की सूनबाईला कुस्तीचा आजार झालाय. एका म्हाताऱ्या वस्तादांनी मामांना गंभीरपणे विचारलंही, "असा आजार बायास्नी बी हुतोय?" मी हसले आणि मला जाणवलं की कित्येक दिवसांनी हसतेय. पण रात्री मामा देवापुढं बराच वेळ बसले होते. सकाळी मला दूध देताना ते हळूच म्हणाले, "पोरी, मी मान बघिटली. दंड बघून समजाय पायजे हुतं." मी तांब्या घेतला आणि त्या दिवशी सगळं दूध संपवलं.

बरणी

मुंबईच्या इस्पितळात आमचे हे रजा काढून आले. बायकांच्या वॉर्डात त्यांना राहता यायचं नाही, म्हणून ते सकाळी यायचे, भेटीची वेळ संपली की बाहेरच्या बाकावर बसायचे. बोलणं तिथंही मोजकंच. पण रोज पेरू घेऊन यायचे आणि खिशातल्या सुरीनं इतक्या सारख्या फोडी करायचे की लेथवर कापल्यासारख्या.

पहाटे ताप बघायचा, मग रक्त, मग मिठाशिवायचं जेवण. कोल्हापूरच्या माणसाला अळणी आमटी ही शिक्षाच. सगळ्यात महत्त्वाची तपासणी लघवीची. अख्ख्या दिवसाची लघवी लोणच्याच्या बरणीएवढ्या काचेच्या बरणीत साठवायची, थेंब वाया घालवायचा नाही. ज्या बाईला काही आठवत नाही तिला हे काम! संध्याकाळी मी विसरले आणि सवयीनं सरळ संडासात जाऊन आले. सगळी बरणी ओतून दिली, पुन्हा पहिल्यापासून. सिस्टर बोलायचं ते बोलल्या. मी खाटेवर बसून रडले.

शेजारच्या खाटेवर रत्नागिरीकडच्या एक मावशी होत्या, मूतखड्यानं बेजार. त्यांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी मी नुसते पाय खाली सोडले की त्या खणखणीत आवाजात ओरडायच्या, "कोल्हापूर, बरणी!" सगळा वॉर्ड हसायचा. लाज वाटायची, पण तपासणी पुरी झाली ती त्या मावशींमुळे.

शिकाऊ डॉक्टरांचे थवे यायचे. माझ्या पोटावरचे वळ, मानेवरचा उंचवटा बघायचे आणि इंग्रजीत बोलायचे. मी तेव्हा छताकडं बघत नंबर आठवायचा प्रयत्न करायची. एकदा ते निघून गेल्यावर त्यातली एक मुलगी मागं वळली आणि माझ्या अंगावरची चादर नीट करून गेली. तिचं नाव मला माहीत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन आले. मी विचारलं, "डोकं परत येईल का?" मरेन का, हे विचारायचं राहूनच गेलं. मरणाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती की मी जगेन आणि आयुष्यभर त्या भोकांच्या रांगांकडं बघत बसेन.

"बरंचसं येईल," ते म्हणाले. "वेळ लागेल. सगळं येईल असं मी सांगणार नाही."

'बरंचसं' हा शब्द मी घट्ट धरला. भूल चढताना तोच म्हणत होते, असं नंतर सिस्टरनं सांगितलं.

गोळी

डाव्या बाजूच्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ निघाली. ग्रंथी काढून टाकली. आता घरी येऊन लगेच धावायला लागेन, असं मला वाटलं होतं. उलट अंगातला जीवच गेला. गाठीनं इतके दिवस सगळा रस पुरवल्यामुळे उजवीकडची चांगली ग्रंथी झोपून गेली होती. ती जागी होईपर्यंत तोच रस गोळीतून घ्यायचा, हळूहळू कमी करत आणायचा, आणि गोळी एकदाही चुकवायची नाही, अशी सक्त ताकीद होती.

मामा खवळले. "ज्या रसानं वाटुळं केलं त्योच पुन्यांदा पाजत्यात? ह्ये कसलं औशिद?"

"मामा, थोरला पैलवान आखाड्यात होता म्हणून धाकटा कडेला बसून राहिला. आता थोरला गेला. धाकट्याचे पाय आखडलेत. उभा राहीपर्यंत त्याला हात द्यायला नको?"

"आसं व्हय? मग द्या की," म्हणाले आणि शांत झाले.

माझं तोंड उतरलं, मानेवरचा उंचवटा विरला. मी पुन्हा काटकुळी झाले. गल्लीत हळहळ सुरू झाली, "अगं बाई, तब्येत पार गेली की!" मामा त्यांच्यावर तुटून पडायचे, "गेली न्हाय, आली! तुमास्नी काय कळतंय?"

गोळीची आठवण मला राहील, असा भरवसा कुणालाच नव्हता, मलाही नाही. ते काम नंदूनं आपणहून घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी उठल्या उठल्या, "आई, गोळी." दुपारी मधल्या सुट्टीत शाळेतून पळत यायची, "आई, गोळी," पाण्याचा पेला हातात द्यायची, मी गिळलेलं बघायची आणि पळत जायची. जिला तेरा साते आठवत नाहीत त्या पोरीनं एकदाही गोळी चुकवली नाही.

मला कौतुक वाटलं. एकदा मी तिला जवळ घेऊन विचारलं, "तुला हे बरं आठवतं गं?"

ती म्हणाली, "गोळी चुकली तर तू मरशील. बाबा आजोबांना सांगत होते."

वेळापत्रक सांगावं तशी ती हे बोलली. चेहऱ्यावर काही नाही. माझं कुत्रं मुंबईत कापून काढलं होतं. हिचं कुत्रं, आधी आमच्या ओरडण्याचं आणि मग माझ्या मरणाचं, तिच्या मागं घरभर, शाळाभर फिरत होतं, आणि आम्हाला दिसलंच नव्हतं.

मी तशीच डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, "लहान मुलाचं असंच असतं. भीतीत एकच गोष्ट लख्ख कोरली जाते आणि बाकीचं बाहेर राहतं. तुमचं साठवलेलं विस्कटलं. तिचं तर अजून साठायचंय, आणि साठवायला तिला सवडच मिळत नाहीये."

मला ते ऑपरेटरच्या भाषेत कळलं. लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यात तातडीचा, आला की बाकीच्या सगळ्या लाइनी थांबवायच्या. माझ्या पोरीच्या डोक्यात वर्षभर एकच लाइटनिंग कॉल चालू होता.

डाव

त्या संध्याकाळी मी सगळ्यांना बसवलं. यांना सांगितलं, "आजपासून गोळी तुमच्याकडं. नंदूकडं नाही." त्यांनी मान हलवली आणि डबी खिशात घातली. नंदूला सांगितलं, "गोळी आता बाबा देणार. एखादी चुकलीच तर डॉक्टरीणबाई आहेत, लगेच इंजेक्शन देतात. मी मरत नाही." तिचा विश्वास बसायला बरेच दिवस लागले. पहिल्या काही दिवसांत ती दाराआडून बाबांवर पहारा ठेवायची.

मग मामांकडं वळले. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते त्यांना सांगितलं. मामा लगेच म्हणाले, "त्यात नवं काय? भ्यालेलं पोर डाव इसरतंयच. जत्रंच्या मैदानात कितीदा बघिटलंय. तालमीत धा डाव मारणारं पोर, समोर दांडगा गडी आला की हात वर करून हुबं ऱ्हातंय."

"मग तेव्हा वस्ताद काय करतात? ओरडतात?"

"ओरडून काय हुतंय? त्येला आपल्यातल्याच गड्यासंगं खेळवायचं. हसत-खेळत डाव परत येतोय."

"मग नंदूवर का ओरडता वो?"

"त्ये पाढं हायती, कुस्ती न्हवं..." एवढं बोलून मामा थांबले. मिशीवरून हात फिरवला. "एकच हाय म्हणा की," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या पुढच्या सोप्यात आखाडा सुरू झाला. नंदू माझी जोडीदार. तिनं मला नंबर विचारायचे, मी तिला पाढे. जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर सुलभानं यांच्याकडं लिहून पाठवले होते. चुकलं तर कुणी काही बोलायचं नाही, नुसतं "पुन्हा धर" म्हणायचं. कंटाळा यायच्या आत थांबायचं. पंच मामा, आणि त्यांना हळू बोलायची शिक्षा.

नंदूपेक्षा मी जास्त चुकायची. गुळाच्या अडतीला मी पोलीस चौकीचा नंबर दिला तेव्हा ती खुदकन हसली. आपली आई आपल्यापेक्षा ढ आहे, याचा तिला इतका आनंद झाला की ती रोज शाळेतून येऊन दप्तर टाकायच्या आधी म्हणायची, "आई, चल, खेळायचं."

नंबर येऊ लागले. आधी जुने आले, माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतले, मग मधले. आजाराच्या काळात पाठ केलेले मात्र आले नाहीत, ते नव्यानं पाठ करावे लागले. ते दीड वर्षच माझ्याकडं नाही. नंदू गॅदरिंगमध्ये नाचली होती म्हणे, मी पहिल्या रांगेत होते म्हणे. मला काहीही आठवत नाही. याचं वाईट मला आजही वाटतं, आणि कुणी सांगितलं की सगळं परत येतं, तर त्यावर विश्वास ठेवू नका. बरंचसं येतं. तेवढ्यावर जगता येतं, आणि चांगलं जगता येतं.

एका संध्याकाळी नंदूनं विचारलं, "छातीत कळ येते त्या डॉक्टरांचा?"

तो नंबर मी टाळत आले होते. माझी छाती धडधडायला लागली. त्या माणसाचा "ताई, ताई" कानात वाजला. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी डोळे मिटले. बोर्ड दिसला, रांग दिसली, आणि रांगेतलं भोक दिसलं.

"एक्क्याण्णव," मी म्हणाले.

नंदू ताडकन उभी राहिली. "आई! तेरा साते!"

आम्ही दोघी एकाच आकड्यावर अडलो होतो. मामांना हळू बोलायची शिक्षा होती, तरी ते गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले. त्या दिवशी त्यांना माफ केलं.

परीक्षा

माझी परीक्षा सकाळच्या पाळीला होती. सुपरवायझरबाई शेजारी खुर्ची घेऊन बसल्या, त्यांनी ऐकायचा हेडसेट कानाला लावला. दुसऱ्या बाजूला सुलभा, तिची घालमेल मला दिसत होती. मी मनात म्हणाले, आपल्यातलाच गडी आहे, आपल्यातलाच.

पहिला दिवा, गुळाची अडत. जमलं. दुसरा थिएटरचा. तिसऱ्याला मेव्हणा हवा होता. "नंबर सांगा," मी बाईंच्या देखत नियमानं म्हणाले. "अवो ताई, तुमीच हाय न्हवं? हुतासा कुठं इतकं दीस? द्या की मेव्हण्याला!" दिलं. एका नव्या गिऱ्हाइकाला मी अडखळले, माफी मागून नंबर विचारून घेतला. बाईंनी काही लिहिलं नाही.

मग आमच्या पेठेतल्या कट्ट्याजवळच्या दुकानाचा दिवा लागला.

"नंबर प्लीज."

पलीकडं कुणीतरी नुसतंच श्वास घेत होतं. मागून एक आवाज आला, जो फोनशिवायही ऐकू आला असता, "बोल की, भ्यायाचं न्हाय!" मग शिक्षा आठवली असावी, कारण तो आवाज एकदम बारीक झाला. "बोल, बाळा."

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर," फोनमधून बारीक आवाज आला. मी थांबले. शेजारी बाई ऐकत होत्या. सुलभाचा हात हवेत राहिला.

"तेरा साते एक्क्याण्णव!"

माझा हात आपोआप त्या भोकाकडं गेला. खोचायच्या आधी मी नियमानं विचारलं, "एक्क्याण्णव, डॉक्टरांचा दवाखाना. जोडू का?"

"नको," नंदू म्हणाली. "डॉक्टर नको. माझ्या आईला द्या की."

सुपरवायझरबाईंनी कानावरचा हेडसेट काढला, टेबलावर ठेवला आणि खुर्ची उचलून आत निघून गेल्या.

"बोला," मी म्हणाले, "जोडलंय."